खांब वाजवून बघणाऱ्या बाई

बाईंना खांब दिसला की त्या आधी तो वाजवून बघायच्या. छत्री उलटी धरायची, खांबाजवळ कान न्यायचा आणि छत्रीच्या मुठीनं दोनदा टक् टक्. दगडाचा असला तर त्या नुसती मान हलवायच्या. लाकडाचा असला तर "ठीक, प्रामाणिक आहे," म्हणायच्या. पोकळ आवाज आला की मात्र घराच्या बंद दाराकडे अशा नजरेनं बघायच्या, जणू आतल्या माणसानं खोटं सर्टिफिकेट दाखवून नोकरी मिळवली आहे. शिकागोच्या उपनगरांत घर जरा मोठं झालं की दारात दोन खांब येतातच आणि त्यातले बहुतेक आतून पोकळ असतात. त्यामुळे बाईंबरोबर पाच मिनिटांचं अंतर चालायला पाऊण तास लागायचा.

एकदा आमच्याच गल्लीतल्या कुणाच्या तरी डोअरबेल कॅमेऱ्यात हा प्रकार सापडला. शेजाऱ्यांच्या ॲपवर क्लिप आली. खाली लिहिलं होतं, 'पांढऱ्या केसांच्या एक आजी आमच्या पोर्चला छत्रीनं मारत आहेत. त्यांच्या मागे एक इंडियन माणूस हात जोडून माफी मागतो आहे. कुणी यांना ओळखतं का?'

तो इंडियन माणूस मी.

बाई म्हणजे मिसेस ब्लाझेना कुबातोवा. चेक होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, उंचीनं माझ्या खांद्याइतक्या, बारा महिने एकच राखाडी स्वेटर. आमचं उपनगर एके काळी चेक लोकांचंच होतं. आता तसे थोडेच उरलेत, पण बाई होत्या. मी त्यांना मनातल्या मनात पहिल्या दिवसापासून 'बाई'च म्हणत आलो, कारण अकोल्याला पाचवीत आम्हाला ज्या बाई होत्या त्या थेट अशाच होत्या. फक्त त्यांच्या हातात छत्रीऐवजी पट्टी असायची.

बाईंच्या तावडीत मी सापडलो तो चुकून. माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमात झालेलं. इंग्रजी वाचायला, लिहायला, अगदी त्यात कोड करायलाही अडचण नाही, पण मीटिंगमध्ये तोंड उघडायची वेळ आली की माझा आवाज घशातच बसायचा. त्या वर्षीच्या रिव्ह्यूमध्ये माझ्या सॉफ्टवेअर कंपनीतला मॅनेजर म्हणाला, "तुला सोल्यूशन आर्किटेक्ट करायचं मनात आहे, पण आर्किटेक्चर रिव्ह्यूमध्ये तू बोलतच नाहीस. त्यावर काम कर." त्याच आठवड्यात लायब्ररीच्या नोटीस बोर्डावर मला एक कागद दिसला. 'आर्किटेक्चरसाठी इंग्रजी. दर शनिवारी दहा वाजता, तळघरातली खोली. विनामूल्य.' खाली बारीक अक्षरांत आणखी काहीतरी लिहिलं होतं, अक्षरांच्या डोक्यावर टोप्या असलेलं. ते मला डिझाइन वाटलं. ती चेक भाषा होती आणि त्यात लिहिलं होतं, की हा वर्ग चेक बोलणाऱ्यांसाठी असून यात ग्रीक-रोमन इमारतींची इंग्रजी शब्दावली शिकवली जाईल.

मी दहाला पाच कमी असताना पोचलो. आत सहा-सात गोरी, प्रौढ माणसं वह्या उघडून बसली होती. दहाच्या ठोक्याला बाईंनी दार आतून लावून घेतलं आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही कोण?"

"आय ॲम आर्किटेक्ट," मी म्हणालो. तेवढं एक वाक्य मी घरून पाठ करून आलो होतो.

बाईंचा चेहरा उजळला. "वा! कोणत्या पद्धतीत काम करता?"

"जावा."

बाईंनी क्षणभर विचार केला. "जावा. ते बेट? तिथं खांब लाकडाचे असतील, नाही?"

मला काहीच कळेना. मी हो म्हणालो. दार लावलेलं होतं आणि सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. उठून निघून जायला जे धैर्य लागतं, तेच कमवायला मी आलो होतो. म्हणून बसून राहिलो. तो असा दोन वर्षं बसलो.

खरी हकिकत दुसऱ्या शनिवारी मी बाईंना सांगितली. मला वाटलं, आता बाहेर काढतील. त्या म्हणाल्या, "तुम्ही खांब बांधत नाही?" मी नाही म्हणालो. "मग तुमच्या इमारतीला कोण उचलून धरतं?" मी म्हटलं, सर्व्हर. "तो दिसतो?" नाही. "अरेरे," बाई म्हणाल्या आणि मला पुढच्या बाकावर बसवलं.

बाईंच्या वर्गात 'हाउ आर यू' शिकवत नसत. "जो आधी 'हाउ आर यू, आय ॲम फाइन' शिकतो, तो भाषेतलं पहिलं खोटं शिकतो," असं त्यांचं मत होतं. "जो आधी 'कॉलम' शिकतो, तो बघायला शिकतो." शिकवायची पद्धत ठरलेली होती. फळ्यावर खांब काढायचा आणि खालून वर शब्द म्हणायचे. प्लिंथ, बेस, शाफ्ट, कॅपिटल. त्याच्यावर आडवं बसतं ते एन्टॅब्लेचर, आणि सगळ्यात वर देवळाच्या कपाळासारखा त्रिकोण, तो पेडिमेंट. एकेक शब्द आधी त्या चेकमध्ये सांगायच्या, मग इंग्रजीत. मग माझ्याकडे वळून तोच शब्द इंग्रजीत पुन्हा, पण अतिशय सावकाश, मी जणू विहिरीच्या तळाशी उभा आहे.

या पद्धतीमागे कारण होतं. बाईंच्या तरुणपणी त्यांच्या गावातल्या लायब्ररीत इंग्रजी पुस्तकं कुलपात असायची. कोणतं इंग्रजी पुस्तक माणसाच्या डोक्यात काय भरवेल, याची त्या काळातल्या कम्युनिस्ट सरकारला फार धास्ती. पण ग्रीक देवळांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मात्र उघड्या फळीवर होतं. खांबांना राजकारण नसतं, असं तिथल्या ग्रंथपालाला वाटलं असावं. बाई त्या एका पुस्तकावर इंग्रजी शिकल्या. "एन्टॅब्लेचर मला विसाव्या वर्षी येत होतं," त्या सांगायच्या. "ब्रेडला काय म्हणतात ते चार वर्षांनी कळलं." पुढे त्या बांधकाम शिकवणाऱ्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागल्या. तेव्हा त्यांनी स्वतःच एक वही तयार केली. डावीकडे चेक शब्द, उजवीकडे इंग्रजी, आणि मध्ये त्यांच्या यजमानांनी पेनानं काढलेली चित्रं. यजमान जाऊन खूप वर्षं झाली होती. त्या वहीच्या झेरॉक्स आम्हा सगळ्यांना मिळाल्या होत्या, पण मूळ वहीला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती.

माझी त्यांच्याकडे थोडी पत वाढली ती 'प्लिंथ'मुळे. बाकीच्यांना शेवटचा 'थ' काही केल्या जमत नव्हता. कुणी 'प्लिन्स' म्हणे, कुणी 'प्लिंट'. मी म्हटलं, प्लिंथ. अगदी सहज. बाईंनी विचारलं, हा शब्द तुम्हाला कसा येतो? मी सांगितलं, की आमच्याकडे घर बांधायला काढलेला प्रत्येक माणूस भेटला की 'प्लिंथपर्यंत आलंय' असंच सांगतो. आणि आमचा स्वतःचाही शब्द आहे, जोतं. बाईंनी तो फळ्यावर लिहून घेतला. सगळ्या चेक मंडळींनी एका सुरात 'जोतं' म्हटलं. शिकागोच्या पश्चिमेला, लायब्ररीच्या तळघरात सात चेक माणसं 'जोतं, जोतं' म्हणत आहेत, हे ऐकून माझ्या डोळ्यात पाणी यायचं बाकी राहिलं.

'पिलर' या शब्दावर मात्र माझा पार निकाल लागला. आपण सरसकट सगळ्याला पिलर म्हणतो. बाईंसमोर मी एकदा तसं म्हणालो. बाईंनी खडू खाली ठेवला. "पिलर चौकोनी असेल, आठकोनी असेल, कसाही असेल. कॉलम गोल असतो आणि त्याचे नियम असतात. तुम्ही तुमच्या आईला 'कुणीतरी बाई' म्हणता का?" लायब्ररीतल्या एका क्लार्कनंही एकदा 'त्या पिलरपाशी' म्हणून दिशा दाखवली होती. बाई त्याच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. तो बिचारा रोज गुड मॉर्निंग म्हणत राहिला.

नावांच्या बाबतीतही त्या अशाच काटेकोर. चेक भाषेत हाक मारताना नावाचं रूप बदलतं. त्यामुळे मी झालो 'पने पाटणकरे'. पने म्हणजे अहो, महाशय. मराठीतही संबोधन विभक्ती आहे आणि एकूण विभक्त्या आठ आहेत, हे मी सांगितल्यावर बाई खुर्चीत बसल्या. "आमच्या सात," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आठवी कशाला लागते?" मी सांगू शकलो नाही. नंतर कित्येक दिवस त्या अधूनमधून मला संशयानं बघायच्या.

बायकोची भेट झाली तेव्हा त्यांनी तिला 'पनी पाटणकरोवा' अशी हाक मारली. चेक बायकांच्या आडनावाला 'ओवा' लागतं. मेधा घरी येऊन माझ्यावर उखडली. "पाटणकरोवा काय यार! मी लग्नानंतर नाव चेंज केलं नाही, पासपोर्टवर अजून देशमुख आहे, आणि ही बाई सासरच्या नावाला वर शेपूट लावते!" मी ते बाईंच्या कानावर घातलं. पुढच्या भेटीत बाईंनी मेधाचे दोन्ही हात हातात घेतले, मनापासून माफी मागितली आणि म्हणाल्या, "डिअर पनी देशमुखोवा." मेधानं तो विषय तिथंच सोडला.

आम्ही किराण्याला शिकागोतल्या देशी दुकानांच्या रस्त्याला, डेव्हन ॲव्हेन्यूला जायचो, तेव्हा कधीकधी बाईंना घेऊन जायचो. त्यांना ना साड्यांत रस, ना मिठाईत. त्या फुटपाथच्या मधोमध उभ्या राहून वर बघायच्या. येणारे-जाणारे धडकायचे, मागून बस हॉर्न द्यायची. एकदा त्यांनी मिठाईवाल्याला दुकानातून बाहेर बोलावलं. तो जिलबीच्या कढईपासून घाम पुसत आला. बाईंनी छत्री उंच करून त्याच्याच इमारतीची वरची कड दाखवली. तिथं भाजक्या मातीची पानं, फुलं, मध्ये एक सिंहाचं तोंड. "कॉर्निस," बाई म्हणाल्या. "किती वर्षं आहात इथं?" तो म्हणाला, बावीस. "आणि कधी वर बघितलं नाही?" तो वर बघतच राहिला. मग आत जाऊन त्यानं आपल्या बायकोला बाहेर आणलं. ती दोघं फुटपाथवर माना वर करून उभी होती आणि आत आमची अर्धा किलो जिलबी करपत होती.

माझ्या पोटावरही त्यांनी एकदा शास्त्रीय अभिप्राय दिला. चांगला खांब अगदी सरळ नसतो. मध्ये किंचित फुगीर ठेवतात, म्हणजे लांबून तो सरळ दिसतो. त्या फुगवट्याला एन्टॅसिस म्हणतात. कुणालाच ते कळेना, तेव्हा बाईंनी मला उभं केलं, एका बाजूला वळवलं आणि छत्रीनं दाखवलं. "हे एन्टॅसिस. फक्त खांबात ते मुद्दाम करतात." आमच्याकडे आजही मी दुसऱ्यांदा भात घेतला की मेधा फक्त 'एन्टॅसिस' म्हणते.

दिवाळीच्या फराळाला मी बाईंना डॉक्टरकाकांकडे नेलं ही माझी चूक. डॉक्टरकाका मूळचे सोलापूरचे, छातीच्या विकारांचे डॉक्टर. अमेरिकेत येऊन चाळीसेक वर्षं झालेली, आता निवृत्त. नव्यानं आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला त्यांचं घर आधार वाटतं, आणि त्या घराचा त्यांना फार अभिमान. पुढे दोन मजले उंच असे चार खांब, वर कोरीव पानं. आम्ही गाडीतून उतरलो. काका दारात स्वागताला उभे. बाईंनी नमस्कार केला, छत्री उलटी धरली, आणि मी 'बाई, नको' म्हणेपर्यंत टक् टक् झालंही होतं.

बाईंनी दुसऱ्यांदा वाजवलं. मग आश्चर्यानं नखानं जरासं खरवडलं. पांढरे बारीक दाणे खाली पडले.

"थर्माकोल!" आतून आलेल्या कुणाच्या तरी मुलानं आरोळी दिली.

"शक्यच नाही," काका म्हणाले. "बिल्डर स्टोन म्हणाला होता."

पाच मिनिटांत सगळी पार्टी पोर्चवर. शर्टाच्या बाह्या सरसावून आयटीतली पोरं चारी खांब वाजवून बघत होती. कुणी मोबाइलचा टॉर्च लावून फट शोधत होतं. काकू दारातून ओरडत होत्या, "अरे, चकल्या गार होतायत, वाजवताय काय ते!" काका मात्र एका बाजूला उभे राहून खाली पडलेले दाणे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. येताना गाडीत मी बाईंना म्हटलं, त्यांच्या मनाला लागलं. बाईंनी हातातली छत्री पायाशी ठेवली. मग म्हणाल्या, "मी सवयीनं वाजवते. समोर माणूस उभा आहे हे विसरते. माझे यजमानही हेच म्हणायचे."

आठवड्यानं काकांचा फोन आला. "त्या बाईंना चहाला घेऊन ये." मी घाबरतच घेऊन गेलो. काकांनी बाईंना पोर्चवर खुर्ची दिली आणि म्हणाले, "मॅडम, मी आयुष्यभर लोकांच्या छातीवर टकटक करून आत काय आहे ते ओळखलं. स्वतःच्या घराला एकदाही केलं नाही." बाई खळखळून हसल्या. मी त्यांना एवढं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मग काकांनी त्यांना बोटांनी छाती कशी वाजवून बघतात ते शिकवलं आणि दोघांनी मिळून माझी छाती वाजवून बघितली. आवाज समाधानकारक आला म्हणे.

आता झ्देन्येकबद्दल सांगायला हवं. झ्देन्येक म्हणजे वर्गातला प्लंबर. पन्नाशीचा, दरवाजाएवढा माणूस. हातात पाइप असला की राजा, पण इंग्रजीत कुणी काही विचारलं की त्याच्या कपाळावर घाम यायचा. त्याची आई ओलोमोउत्स गावात एकटी होती. गुडघे गेलेले, तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. तिला इकडे आणायचं तर आधी त्यानं अमेरिकेचं नागरिक व्हायला हवं. आणि त्या परीक्षेत इंग्रजी बोलावं लागतं, देशाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. एकदा तो जाऊन आला होता. ऑफिसरनं नाव विचारलं तिथपासून जो गप्प झाला तो गप्पच. आता दुसरी आणि शेवटची संधी. ती गेली की सगळा अर्ज पहिल्यापासून. आईच्या वयाकडे बघता तेवढा वेळ नव्हता.

मी बाईंना म्हटलं, "आपण त्याला आता परीक्षेचे प्रश्न शिकवू या. खांब नंतर."

"उत्तरं त्याला पाठ आहेत," बाई म्हणाल्या. "त्याच्याकडे उत्तर नाही असं नाही. त्याचा पाया हलतो." आणि झ्देन्येकला सांगितलं, "भीती वाटली की काही बोलू नका. मनात खालून सुरू करा. प्लिंथ, बेस, शाफ्ट, कॅपिटल. एकेक दगड नीट ठेवा. मग तोंड उघडा."

परीक्षेनंतरच्या शनिवारी आम्ही सगळे वेळेआधी येऊन बसलो होतो. झ्देन्येक आला तो टाय लावून. काय झालं ते त्यानं फळ्यापाशी उभं राहून सांगितलं.

ऑफिसर एक बाई होत्या. त्या समोर बसताच त्याला बाईंचं सांगणं आठवलं. त्यानं मनात सुरू केलं, प्लिंथ... बेस... शाफ्ट... तो कॅपिटलपर्यंत पोचला आणि नेमकं त्याच क्षणी ऑफिसरबाईंनी विचारलं, "व्हॉट इज द कॅपिटल ऑफ द युनायटेड स्टेट्स?"

"कोरिंथियन!" झ्देन्येक म्हणाला.

ऑफिसरबाईंनी चष्मा काढला. "काय म्हणालात?"

झ्देन्येकला वाटलं, त्यांना शब्द माहीत नाही. माहीत नसलेल्याला समजावून सांगायचं असतं, हे तो दर शनिवारी बघत होता. तो म्हणाला, "मॅडम, कॅपिटल म्हणजे खांबाचं डोकं. डोरिक साधं असतं, बशीसारखं. आयोनिकला दोन्हीकडे गुंडाळ्या, मेंढ्याच्या शिंगांसारख्या. कोरिंथियनला पानं असतात, दोन ओळींत. तुमची जी मोठी पांढरी इमारत आहे, जिथं कायदे करतात, तिच्या पुढच्या खांबांना कोरिंथियन आहेत." सलग दोन-तीन मिनिटं तो बोलला. आयुष्यात पहिल्यांदा एवढं इंग्रजी, तेही एका सरकारी ऑफिसरसमोर.

ऑफिसरबाईंनी ते सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "आणि ती इमारत कोणत्या शहरात आहे?"

"वॉशिंग्टन डी. सी."

"हे उत्तर मी धरते," त्या म्हणाल्या आणि कागदावर खूण केली. पुढची उत्तरं त्यानं धडाधड दिली. पास झाला.

वर्गात एकच गिल्ला झाला. कुणी टेबल वाजवतंय, कुणी झ्देन्येकच्या पाठीवर थापा मारतंय. मी हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी. फक्त बाई हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "त्याचं उत्तर बरोबरच होतं. प्रश्न अर्धवट होता." मग झ्देन्येककडे वळून, "पण आतमध्ये मक्याच्या कणसांचे कॅपिटल आहेत. ते सांगायचं राहिलं." एवढं म्हणून त्या फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ फळा पुसत होत्या. त्या दिवशी फळ्यावर अजून काहीच लिहिलेलं नव्हतं.

माझं म्हणाल तर एका रिव्ह्यू मीटिंगमध्ये मॅनेजरनं अचानक माझ्याकडे बघून 'तुला काय वाटतं' असं विचारलं. मी फळ्याशी गेलो आणि आमची सिस्टीम खालून वर काढायला लागलो. कोण कुणाचा भार घेतो, एवढंच सांगत गेलो. "हे तीन मॉड्यूल लोड-बेअरिंग आहेत," मी म्हणालो. "हे चौथं नुसतं पिलास्टर आहे." पिलास्टर काय, असं कुणीतरी विचारलं. मी सांगितलं, भिंतीला चिकटवलेला, नुसता दिसायला असलेला खांब. काढला तरी काही पडत नाही. चौथं मॉड्यूल मॅनेजरनंच लिहिलेलं होतं हे मला जागेवर बसल्यावर आठवलं. आर्किटेक्टचा हुद्दा मिळाला, पण त्यानंतर दीड वर्षानं.

बाईंचा मुलगा ॲरिझोनात, चँडलरला, चिपच्या कंपनीत होता. तो त्यांना सारखा तिकडे बोलवायचा. बाई एकदा महिनाभर राहून आल्या होत्या. "तिथली सगळी घरं बिस्किटाच्या रंगाची आहेत," त्या सांगायच्या, "आणि सगळी एकाच दिवशी भाजलेली." त्यामुळे त्या तिकडे जाणार नाहीत हे आम्हाला माहीत होतं. पण त्या परत आपल्या देशात जातील असं मात्र कुणालाच वाटलं नव्हतं. यार्मिला नावाची त्यांची धाकटी बहीण घरात पडली, खुबा मोडला, आणि बाईंनी दोन आठवड्यांत सामान बांधलं. "तिला माझी गरज आहे," म्हणाल्या. "आणि तिच्या गावात खांब दगडाचे आहेत."

शेवटच्या शनिवारी डॉक्टरकाका-काकूंसकट सगळे तळघरातल्या खोलीत जमलो. निरोपाचं भाषण मी केलं, इंग्रजीत, कागद न घेता. चांगलं सहा-सात मिनिटं बोललो. मेधाच्या डोळ्यांत पाणी होतं. संपल्यावर मी बाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "मध्ये जरा लांबलं. पण उभं राहिलं." विमानतळावर मी आणि झ्देन्येकनं त्यांच्या बॅगा चढवल्या. सिक्युरिटीच्या रांगेत त्या एकदाही मागे वळल्या नाहीत. आम्ही दोघं त्यांचा राखाडी स्वेटर दिसेनासा होईपर्यंत उभे होतो, आणि मग पार्किंगमध्ये आपली गाडी कुठं लावली ते दोघांनाही आठवेना.

त्यानंतर वर्षभर त्यांची पत्रं यायची, कागदावरची. शेवटच्या पत्रात अक्षर फार हललेलं होतं.

मग एका शनिवारी सकाळी उठून बघतो तर मोबाइलवर व्हॉइसमेल होता. परदेशातला नंबर. एक म्हाताऱ्या बाई चेकमध्ये बोलत होत्या. विचित्र वाटलं ते त्यांचं बोलणं. एक शब्द, मग थांबायच्या. मग दुसरा शब्द. मध्ये एकदा 'ब्लाझेना' ऐकू आलं, आणि मग इतका वेळ काहीच नाही, की मला वाटलं फोन कट झाला. मला एकही वाक्य समजलं नाही, पण काय असणार हे कळलं. मेधाला न उठवता मी गाडी काढली आणि झ्देन्येकच्या घरी गेलो.

तो ड्राइव्हवेमध्ये व्हॅनमध्ये पाइप भरत होता. त्याची आई पोर्चवरच्या खुर्चीत उन्हात बसली होती, गुडघ्यांवर ब्लँकेट. मी मोबाइल त्याच्या हातात दिला. त्यानं पूर्ण ऐकलं. मग हातातला पाइप खाली ठेवला, हात पॅन्टला पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.

"यार्मिला आहे. बाईंची बहीण," तो म्हणाला. "मंगळवारी. झोपेत गेल्या. त्रास झाला नाही." मग म्हणाला, "बाईंनी वहीच्या शेवटच्या पानावर नावं लिहून ठेवली होती, कुणाकुणाला कळवायचं. तुझ्या नावापुढे लिहिलंय, याच्याशी सावकाश बोल. याला समजतं."

"पण या तर चेकमध्ये बोलल्यात."

"यार्मिलाला इंग्रजी येत नाही," झ्देन्येक म्हणाला. "म्हणून मग ती सावकाश बोलली."

पोर्चवरून त्याच्या आईनं काहीतरी विचारलं. त्यानं सांगितलं. म्हातारीनं कपाळाला, छातीला हात लावला आणि डोळे मिटून घेतले.

मी म्हटलं, "मला एक वाक्य शिकव." मला जे म्हणायचं होतं ते त्यानं चेकमध्ये करून दिलं. मी तीन-चार वेळा म्हणून बघितलं. त्यानं एका ठिकाणी उच्चार सुधारला. मग मी त्या नंबरवर फोन लावला. बऱ्याच रिंगनंतर उचलला गेला.

"बिला तो मोये उचितेल्का," मी म्हणालो. त्या माझ्या बाई होत्या.

मी फोन कानाशी घट्ट धरला. मग यार्मिलाबाई बोलायला लागल्या. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, मध्ये थांबत. झ्देन्येक भाषांतर करायला पुढे झाला. मी हातानंच त्याला थांब म्हटलं आणि ऐकत राहिलो.